‘पॉझिटिव्ह’ आलंय म्हणजे नक्की काय आलंय?

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट येतो. त्यात एक ओळ असते: ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’. बरोबर आलेला शिकलेला भाचा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ती मोठ्याने वाचतो. शेजारच्या चार अनोळखी माणसांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरतो, पॉझिटिव्ह. आपल्याकडे गेली तीसेक वर्षं या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे, एचआयव्ही (मध्ये दोन वर्षं कोरोनाने तो उसना नेला होता, तेवढंच). त्या ओळीत खरं तर जरा बरी बातमी असते. बाईला मात्र वाटतं, कर्करोग कमी होता म्हणून आता हेही.

दर ऑक्टोबरला स्तनाच्या कर्करोगासाठी गुलाबी फिती निघतात, १ डिसेंबरला एचआयव्ही-एड्ससाठी लाल. फेऱ्या निघतात, फलक लागतात, आणि दोन्ही आजारांबद्दलचा घोळ जिथे होता तिथेच राहतो. या दोन आजारांवर एकत्र लिहिण्याचं कारण असं की दोन्हींवर औषधं आहेत, बरीचशी सरकारी योजनांतून फुकट मिळतात, तरी माणसं मध्येच गळतात. कुठे गळतात ते नीट पाहिलं की बहुतेक ठिकाणी एखादं वाक्य राहून गेलेलं सापडतं. ते कुणी सांगितलेलं नसतं, किंवा चुकीच्या माणसासमोर सांगितलेलं असतं, किंवा न कळणाऱ्या भाषेत.

एक शब्द, दोन अर्थ

एचआयव्हीच्या चाचणीत रक्तात विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधतात. ती सापडली तर पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू शरीरात आहे.

स्तनाच्या कर्करोगात प्रश्न वेगळा असतो. गाठ कर्करोगाची आहे हे आधीच ठरलेलं असतं, आता ती कशावर वाढते ते शोधायचं असतं. काही गाठींच्या पेशींत स्त्रीसंप्रेरकं पकडणारे, हुकासारखे आकडे असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ईआर आणि पीआर हे असे दोन आकडे. ते असले तर पॉझिटिव्ह, आणि याचा अर्थ संप्रेरकं अडवणाऱ्या साध्या गोळ्या या गाठीवर चालतील. रिपोर्टमध्ये टक्के दिलेले असतात. शंभरातल्या एका पेशीत जरी असा आकडा दिसला तरी पॉझिटिव्ह धरतात, आणि टक्के जितके जास्त तितका गोळीचा उपयोग जास्त.

हर-टू हे पेशीवरचं तिसरं प्रथिन. त्याच्यापुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करावी लागते. ही पुढची तपासणी राहून जाते, कारण २+ बघून घरचे म्हणतात, ‘दोनच आहे, कमी आहे.’

तिन्ही निगेटिव्ह असलेली गाठ उलट जास्त अवघड, कारण तिच्यावर या गोळ्या चालत नाहीत. एचआयव्हीत निगेटिव्ह ऐकून सुटकेचा श्वास टाकायचा असतो, इथे तसं नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की रिपोर्ट सांगणाऱ्याने नुसतं ‘पॉझिटिव्ह’ म्हणूच नये. ‘गोळी लागू पडेल अशी गाठ आहे’ म्हणावं. बोलायला दोन सेकंद जास्त लागतात.

दोन्ही आजारांची कागदोपत्री गाठही पडतेच. ऑपरेशनआधी ज्या रक्ततपासण्या होतात त्यांत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी असतात. म्हणजे कर्करोगाच्या फायलीत एचआयव्हीचा कागद असणं नेहमीचंच आहे. फक्त ती चाचणी करण्याआधी विचारायला हवं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही, आणि निकाल काहीही आला तरी त्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत.

लव्हाळा आणि गोळी

एचआयव्हीचं औषध विषाणू मुळासकट का काढत नाही, असं लोक विचारतात. रानात लव्हाळा माजला की काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वरचा हिरवा भाग खुरपून काढला की रान स्वच्छ दिसतं, पण मातीत खाली गाठी असतात. खुरपणी थांबली की पंधरा दिवसांत परत उगवण. एचआयव्हीही काही पेशींत असाच दडून बसतो. गोळी त्या गाठींपर्यंत पोचत नाही, पण वर काही उगवू देत नाही.

आपल्याकडे बहुतेकांना आता रोज एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ अशी तीन औषधं असतात. ती सुरू झाल्यावर रक्तातले विषाणू मोजतात, त्याला व्हायरल लोड म्हणतात. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. एक मिलिलिटर रक्तात २०० च्या खाली आणि तिथेच टिकून राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मोठ्या अभ्यासांतून हे पक्कं झालेलं आहे. तरी कितीतरी जोडप्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. वर्षानुवर्षं वेगळ्या खोलीत झोपतात.

गोळीबाबत नेहमी राहून जाणारी एक गोष्ट म्हणजे लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची औषधं. उपाशीपोटी ती डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतली तर ते अंगाला लागत नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह-कॅल्शियम जेवणाबरोबर घेत असाल तर एकत्र चालते. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या औषधाला मात्र ही सूट नाही, तिथे अंतर हवंच. गरोदर बाईला लोह-कॅल्शियम आशाताई देतात आणि ही गोळी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातून येते. दोन्हीकडचं एकमेकांना माहीत नसतं. विचारायचं ते तिनेच, आणि तिला विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं.

‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’

दुखणं अंगावर काढायची आपल्याकडे सवय आहे, पण इथे अंगावर काढायला दुखणंच नसतं. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखरी गाठ घेऊन बाया लवकर येतात आणि त्यातल्या बऱ्याच साध्या निघतात. न दुखणारी मात्र ‘दिवाळी होऊ दे, सोलापूरच्या सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा होऊ दे’ करत तशीच राहते.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत स्वतः पाहायचं, तेव्हा स्तन कमी भरलेले असतात. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, छोटी वर्तुळं काढत, गळपट्टीच्या हाडापासून खालच्या घडीपर्यंत आणि काखेपर्यंत. चिमटीत धरून पाहायचं नाही, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. आरशासमोर हात वर करून पाहायचं: कातडीला खळी पडलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत ओढलं गेलंय का, त्यातून रक्तासारखं काही येतंय का. ज्यांची पाळी गेली आहे त्यांनी महिन्यातली एक तारीख धरावी. बिडीच्या मजुरीची तारीख लक्षात राहते, तीच धरली तरी चालेल.

तिशी ओलांडलेल्या बाईची अशी तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात (आधीचं आरोग्यवर्धिनी केंद्र) दर पाच वर्षांनी करायची, असं सरकारी कार्यक्रमातच आहे. ‘मशीनशिवाय हाताने काय कळणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखांहून अधिक बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआधीच्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. चाळिशीच्या आत मॅमोग्राफीपेक्षा आधी सोनोग्राफी सांगतात, कारण तरुण स्तन दाट असतात आणि एक्स-रेत सगळंच पांढरं दिसतं.

सुई लावली की पसरतो?

नाही. गाठीचा निदानासाठी घेतलेला बारीक तुकडा म्हणजे बायोप्सी, आणि तिने आजार पसरत नाही. नुकसान होतं ते तिला घाबरून भलतंच केल्याने. ‘सुई नको, सरळ गाठच काढा’ असा हट्ट धरतात, कुणीतरी छोट्या दवाखान्यात ती काढतो, कडेने थोडी राहते, आणि ती नक्की कुठवर होती हे पुढच्या डॉक्टरला कळायचा मार्ग बुजतो.

काढलेल्या तुकड्याचं काय होतं ते जरा जवळून पाहू. तो लॅबमध्ये न्यायचं काम अनेकदा नातेवाइकांकडे येतं. बाटलीत फॉर्मालिन (तुकडा सडू न देणारं रसायन) हवं, तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा तासाभराच्या आत त्यात पडायला हवा. प्रत्यक्षात बाटली लहान असते, तुकडा कोंबलेला असतो, कधी फॉर्मालिनऐवजी सलाईन असतं. ‘आज रविवार आहे, उद्या देऊ’ म्हणून बाटली खिडकीत राहते. सलाईनमध्ये तुकडा सडतो. सडलेल्या तुकड्यावर ईआर निगेटिव्ह येऊ शकतं, आणि ज्या बाईला पाच वर्षं गोळी मिळायला हवी होती तिला ती मिळत नाही. बाटली हातात घेताना एवढंच विचारायचं: ‘यात फॉर्मालिनच आहे ना? किती वाजता टाकलं ते चिठ्ठीवर लिहून द्या.’ आणि काही बायांच्या गाठी काढून टाकल्या जातात, तपासायला पाठवल्याच जात नाहीत. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेलीच पाहिजे.

‘चाचणी केली की गावभर होईल’

ही भीती खोटी नाही. गावात सरकारी दवाखान्यात कोण कुठल्या खोलीत शिरलं हे चहाच्या गाड्यावर कळतं. म्हणून आधी कुठे काय होतं ते माहीत असावं. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्राला आयसीटीसी म्हणतात. चाचणी फुकट असते. आधी समुपदेशक एकट्याशी बोलतो, संमती घेतो, मग रक्त. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगळ्या किटने दुसरी आणि तिसरी करतात. तिन्ही जुळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. निकाल फक्त त्या व्यक्तीला सांगायचा. आपल्या गावात नको वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात जाता येतं, कुणी अडवत नाही. आधी नुसतं फोनवर विचारायचं असेल तर १०९७ आहे, फुकट.

लागण झाल्यापासून प्रतिद्रव्यं दिसेपर्यंत तीन महिन्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. काल संबंध आला आणि आज चाचणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ काही नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते दुसरंच: लागण रोखणाऱ्या, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या. जितक्या लवकर तितकं बरं. सुई टोचलेली सिस्टर, निरोध फाटलेलं जोडपं, अत्याचार झालेली मुलगी, तिघांनाही त्या लागू. पण ७२ तास संपतात ते ‘कुणाला विचारू’ या विचारातच.

जोडीदाराला कुणी सांगायचं? आधी स्वतः, समुपदेशकाच्या मदतीने. रुग्ण सांगणारच नाही आणि जोडीदाराला खरा धोका आहे असं दिसलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाला तशी कल्पना देऊन सांगू शकतात. मात्र सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर नाही, हे कायद्यातच आहे. पलंगावर पाटी लावणं, फायलीवर लाल शेरा मारणं हेही जाहीर करणंच झालं.

‘पेशंटला सांगू नका’

कर्करोगात उलटी तऱ्हा. मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणतो, ‘आईला काही सांगू नका, ती खचेल.’ प्रेमापोटीच म्हणतो. पण आईला दर एकवीस दिवसांनी ‘ताकदीचं’ म्हणून सलाईन लागतं, केस जातात, शेजारच्या खाटेवरच्या बाईचंही तेच चाललंय. तिला कळतं. ती विचारत नाही, कारण मुलगा खचेल. दोघं एकमेकांना सांभाळत गप्प, आणि ताप आला, उलट्या झाल्या तरी ती सांगत नाही, ‘ताकदीच्या सलाईनने असं कसं होईल?’

सांगणंही एकदम सगळं ओतणं नसतं. आधी विचारायचं, ‘तुम्हाला काय वाटतं, ही गाठ कसली आहे?’ मग, ‘सगळं सांगू का थोडं थोडं सांगू? की मुलाशी बोलू?’ मुलाशी बोला म्हणाली, तर तो तिचा निर्णय. एक वाक्य सांगायचं आणि थांबायचं. रडली तर रडू द्यायचं, मध्येच ‘काही नाही होत’ म्हणायचं नाही. शेवटी, ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल ते मला सांगून दाखवा.’ ही शेवटची पायरी सगळ्यात मोलाची. ‘समजलं का?’ विचारलं की माणूस हो म्हणतो. सांगायला लावलं की काय समजलं ते बाहेर येतं.

बारा वर्षांची दुभाषी

सोलापुरात हे सगळं आणखी गुंतागुंतीचं होतं. पूर्व भागातली आजी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची मावशी कन्नड, कुठे दखनी, आणि डॉक्टर मराठी-इंग्रजी. गाठीला तेलुगूत ‘गड्ड’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘गड्डे’. बाहेरगावहून आलेल्या नव्या डॉक्टरने सोलापुरात आल्या आल्या ‘गड्डा’ ऐकलेला असतो तो जत्रेचा.

मग शाळेत मराठी शिकलेल्या नातीला पुढे करतात. बारा वर्षांच्या मुलीने आजीला छातीबद्दल, बापाला निरोधबद्दल विचारायचं? ती लाजते, तीन वाक्यांचं एक करते, वाईट तेवढं गाळते. तिने आईचा एचआयव्हीचा निकाल ऐकणं तर गोपनीयतेच्या दृष्टीनेही चूक. वॉर्डात तेलुगू किंवा कन्नड येणारी एखादी सिस्टर किंवा मावशी असतेच. तिला बोलवा म्हणायला लाजू नये. मूल बाहेर थांबेल. आणि दुभाष्याकरवी बोलताना डॉक्टरने बाईकडे पाहावं, दुभाष्याकडे नाही.

नुसत्या बोलण्याने काय होतं याचा दाखला जिल्ह्यातच आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात नोंदी घ्यायला कार्यकर्ते घरोघर गेले, लक्षणांबद्दल बोलू लागले. पुढच्या वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

धागा तुटलेला कसा कळणार?

साध्या यंत्रमागावर आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की माग थांबतो. उभा, म्हणजे ताणा, तुटला तर थांबत नाही. कापड उतरत राहतं आणि त्यात लांबच लांब रेघ पडते. कामगाराचं लक्ष असेल तरच कळतं.

किमोत उलट्या झाल्या, केस गेले, तो बाणा. सगळ्यांना दिसतं. ताण्याचे धागे वेगळे. ऑपरेशन-किमोनंतर टॅमॉक्सिफेनची, म्हणजे वर सांगितलेली संप्रेरकं अडवणारी, रोजची २० मिग्रॅची गोळी पाच वर्षं, काहींना दहा. बाई वर्षभराने बंद करते, कारण बरं वाटतं आणि पाच वर्षं हा आकडा तिच्या कानावर स्पष्ट कधी पडलेला नसतो. एचआयव्हीची गोळी ऊसतोडीला किंवा ट्रकवर गेल्यावर सुटते. नियमित आणि स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे, पण ‘मी चार महिने बाहेर जातोय’ हे केंद्रात सांगावं लागतं.

किमोत एक आकडा घरातल्या दोघांना तरी पाठ हवा: १००.४ फॅरनहाइट. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत एवढा ताप आला तर गल्लीतल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दारातच ‘किमो चालू आहे’ म्हणायचं. घरात थर्मामीटर नसेल तर ही सूचना फुकट जाते.

ज्यांना दोन्ही आजार आहेत त्यांनी दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्यांची नावं दाखवायचीच. एचआयव्हीची काही औषधं किमोच्या औषधांची रक्तातली पातळी बदलतात. लपवलं तर सगळ्यात जास्त नुकसान इथे.

‘डॉक्टरला एवढं बोलायला वेळ कुठे?’

नसतो, खरं आहे. पण सगळं डॉक्टरनेच बोलायचं असतं असं नाही. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीच्या (ड्रेनच्या) बाटलीत रोज किती पाणी येतं ते कसं मोजायचं (दिवसाला ३० मिलिच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात), हात खांद्याच्या वर कधी न्यायचा, हे सिस्टरला विचारावं. ऑपरेशननंतर ब्लाउजमध्ये सुरुवातीला कापसाचा मऊ पॅड, जखम पूर्ण भरल्यावर साधारण सहा आठवड्यांनी सिलिकॉनचा, हे विचारायला बाया पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नाहीत. तेही सिस्टरच सांगू शकते. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. बुडालेली मजुरी, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, रेल्वे-एसटीची सवलत हे त्यांच्याकडे. हजारी बिड्यांवर मजुरी असलेल्या बाईला प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे चार फेऱ्यांची कामं एका दिवसात बसतील का, हेही त्यांनाच विचारायचं.

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशन आणि किमोची मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे. नावं अक्षरन् अक्षर जुळतात का ते घरीच पाहून घ्यावं. रेशनकार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा एकीकडे ‘लक्ष्मीबाई’ आणि दुसरीकडे ‘लक्ष्मव्वा’, यातच आठवडा जातो.